आधी जबानी, मग टेस्टर

पाणी लवकर गार होतं म्हणून रेडकर काका पहिल्यांदा आमच्या घरी गिझर बघायला आले, तेव्हा त्यांनी गिझरकडे बघितलंच नाही. पॅसेजमध्ये उभं राहून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "काल तुम्ही डोक्यावरून न्हालात काय?"

सुलभा तडक स्वयंपाकघरात निघून गेली. मला राग आला. मला तसा राग लवकरच येतो, पण या वेळी कारणही होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मीसुद्धा तिला इतक्या मोठ्या आवाजात कधी विचारला नव्हता. काकांना त्याचं काहीच नव्हतं. कानावरची पेन्सिल काढून, शंभर पानी वही उघडून ते उत्तराची वाट बघत उभे होते.

"लाजायचं काय त्यात?" ते मला म्हणाले. "केस धुवायला पाणी दुप्पट लागतं. दोन बादल्या जास्त गेल्या असतील तर गिझर निर्दोष. गेल्या नसतील तर मी त्याला उघडणार. उगाच कुणाला उघडायचं नाही."

आतून भांड्यांच्या आवाजात सुलभाचा आवाज आला, "हो, न्हाले."

"गिझर निर्दोष," काका म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं, चपला घातल्या आणि चहा न घेता गेले. टेस्टर खिशातून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

मुलुंडला, पूर्वेला, आमची चार मजल्यांची सोसायटी. नोकरदार माणसं, बरीचशी मराठी, प्रत्येकाच्या बाथरूममध्ये हप्त्याहप्त्यानं घेतलेला गिझर. त्या काळात गिझर म्हणजे टीव्हीच्या खालोखाल मानाची वस्तू. आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत हे रेडकर काका. मूळचे मालवणकडचे. परळच्या गिरणीत तीस वर्षं वायरमन होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि काका आपली पक्कड-टेस्टरची पिशवी घेऊन घरी आले. तेव्हापासून सोसायटीतल्या सगळ्या गिझरांवर त्यांचं राज्य सुरू झालं. पैसे घ्यायचे नाहीत. पण त्यांच्या पद्धतीनं काम करू दिलं पाहिजे, ही अट. आणि पद्धत काय, तर आधी जबानी, मग टेस्टर.

घरातल्या प्रत्येकाला ते वेगळं गॅलरीत बोलवायचे. नवऱ्यासमोर बायकोला विचारायचं नाही, सासूसमोर सुनेला तर नाहीच नाही. पहिली आंघोळ कोणाची, किती बादल्या, बटण कोण लावतं, बंद कोण करतं, मधे कोणी कपडे भिजवले का. "वायरीचं सोपं असतं," ते म्हणायचे. "तिला एकदा विचारलं की सांगून मोकळी. माणसाला चारदा विचारावं लागतं."

त्यांची ती वही मी एकदा चोरून बघितली. सोसायटीच्या बत्तीस बिऱ्हाडांच्या आंघोळी तिच्यात नोंदवलेल्या होत्या. "तिसरा मजला, आजोबा. पावणेसहा. दोन बादल्या, पण स्तोत्र म्हणतात, पंधरा मिनिटं धरावी." "पहिला मजला, धाकटी मुलगी. तास. आरसा काढून टाकावा." आमच्या नावापुढे लिहिलं होतं, "दिलीप. थंड पाणी घेतो असं सांगतो. घेत नाही." हे वाचून मी वही मिटली. माझ्या ऑफिसमध्ये मी सगळ्यांना हिवाळ्यातसुद्धा गार पाण्यानं आंघोळ करतो असं सांगत असे.

दुसरा छंद फ्यूजचा. फ्यूज उडाला की लोक काय करतात, तर बारीक तार मिळाली नाही म्हणून हाताला लागेल ते फ्यूजच्या कटआउटमध्ये गुंडाळतात. मग फ्यूज उडत नाही, घर जळेल तेवढं. काकांना याची भयंकर चीड. असा गुन्हा सापडला की ते तो ऐवज जप्त करायचे आणि घरी एका पुठ्ठ्यावर टाचून खाली नाव लिहायचे. सायकलच्या ब्रेकची तार, केसांचा आकडा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी. एका बाईंनी तर मंगळसूत्र ओवायची तार वापरली होती. तिच्याखाली काकांनी लिहिलं होतं, "नवऱ्याच्या आयुष्यासाठी."

पण सगळ्यात गाजला तो भागवतांच्या आम्लेटचा खटला.

भागवतकाकू दुसऱ्या मजल्यावर. कडक सोवळं. कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर. त्यांची तक्रार अशी, की दर रविवारी संध्याकाळी गिझरचा प्लग आपोआप ढिला होऊन बाहेर आलेला असतो. काका म्हणाले, "प्लगला पाय नसतात." जबान्या झाल्या. काकूंची, भागवतांची, मग त्यांच्या सव्वीस वर्षांच्या मुलाची, अरविंदची. अरविंदची जबानी पाऊण तास चालली. गॅलरीतल्या त्याच्या कपाळावरचा घाम खालच्या अंगणातून दिसत होता म्हणतात.

आता काकांची एक फार वाईट सवय. निकाल द्यायचा तो घरात नाही. जिन्याच्या चौकात उभं राहून, दारं उघडी ठेवून, चारी मजल्यांना ऐकू जाईल असा. त्यांचं म्हणणं, चूक चारचौघांत सांगितली नाही तर ती परत होते. त्या दिवशी ते चौकात आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "गिझर निर्दोष. प्लग निर्दोष. आम्लेट."

काकू रविवारी दुपारी देवळात कीर्तनाला गेल्या, की अरविंद गिझरचा प्लग काढून तिथे विजेची शेगडी लावायचा आणि बाथरूमची खिडकी उघडी ठेवून दोन अंड्यांचं आम्लेट करून उभ्याउभ्या खायचा. काकूंना तिथल्या तिथे डोक्यावरून आंघोळ करायची होती. आणि काकांनी तपासासाठी गिझरचा फ्यूज काढून खिशात घातला होता. "गार पाण्यानं करा," ते म्हणाले, "अंड्याला चालतं."

लोक आठवडाभर हसले. अरविंदही हसला, पुढे त्यानं तपकिरी रंगाचा एक वेगळा तवाच विकत आणला आणि राजरोस मित्राकडे नेऊन ठेवला. मीही खूप हसलो. दुसऱ्याच्या घरचा निकाल ऐकायला मजा येतेच.

मग आमच्या घरची पाळी आली.

माझी धाकटी बहीण वासंती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगी झाली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, आई तेव्हापासून जरा गप्प गप्प झाली होती. पण नात घरी आली आणि आई अशी काही कामाला लागली, की मला वाटलं, वय दहा वर्षांनी कमी झालं. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशेपा, ओव्याची धुरी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहा वाजताचं न्हाणं. मालिशवाल्या बाई साडेनऊला यायच्या, आधी बाळाला तेल, मग वासंतीला तेल, आणि मग दोघींना कढत पाणी. वाफा आल्या पाहिजेत, अंग लाल झालं पाहिजे, असं आईचं माप. नऊ वाजता पॅसेजमधलं गिझरचं काळं बटण दाबायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं होतं. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू द्यायची नाही.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी पाणी कोमट आलं. पाचव्या दिवशी गार. सहाव्या दिवशी कढत, सातव्या दिवशी पुन्हा गार. मजा म्हणजे बटण चालू असायचं. बटणाशेजारचा लाल दिवाही लागलेला असायचा. आणि नळातून पाणी मात्र विहिरीतून काढल्यासारखं. तेल माखलेली बाळंतीण पाटावर बसून कुडकुडायची आणि बाळ टाहो फोडायचं. गॅसवर पातेलं चढवावं, तर सिलिंडर एकच, तो संपत आलेला, आणि दुसऱ्यासाठी नंबर लावून बसलेलो.

घरात भांडण लागलं. आई म्हणाली, "सुलभा कपड्यांना गरम पाणी घेते." सुलभा म्हणाली, "मी नऊनंतर बाथरूमच्या दारातसुद्धा गेलेले नाही." आई म्हणाली, "मग मी खोटं बोलते का?" सुलभानं ताटं जोरात आपटली. मी दोघींवर ओरडलो, त्यामुळे दोघींनी मिळून माझ्याशी बोलणं बंद केलं, एवढाच काय तो उपयोग झाला.

मग वासंती म्हणाली, "दादा, रविवारपर्यंत बघते. नाहीतर मी ठाण्याला जाते. सासूबाईंकडे तांब्याचा बंब आहे, दिवसभर पेटलेला असतो." ती रागावून नव्हती बोलली. लेकराला सर्दी झाली होती, तिला भीती वाटत होती. पण आई त्या रात्री जेवली नाही. सव्वा महिना व्हायच्या आत मुलगी माहेराहून उठून सासरी जाणार, आणि का, तर माहेरी आंघोळीला पाणी मिळत नाही म्हणून. आईला ते तोंड दाखवायला जागा न राहण्यासारखं वाटत होतं. नातीचं न्हाणं हातातून जाणार ते वेगळंच. ती मला एवढंच म्हणाली, "तिला जाऊ देऊ नको रे. काय करायचं ते कर."

मी रेडकर काकांना बोलावलं.

ते आले. सगळ्यांच्या जबान्या झाल्या. मालिशवाल्या बाईंचीही घेतली. बाळाकडे बघून म्हणाले, "हिची राहू दे, ही एकच गोष्ट सांगते आणि ती खरी आहे." मग गिझर उघडला. दोन वायरी लावलेला बल्ब घेऊन एकेक जागा तपासली. कॉइल ठीक. थर्मोस्टॅट ठीक. गिझर लावून स्टुलावर बसून राहिले. पस्तीस मिनिटांनी पाणी तापून टक्क आवाज झाला आणि थर्मोस्टॅटनं तो आपोआप बंद केला. तरीही काकांनी सगळ्या जोडण्या नव्यानं केल्या, बटण उघडून घासूनपुसून साफ केलं, आणि चौकात जाऊन सांगितलं, "गिझर निर्दोष. आता पाणी गार आलं तर रेडकर नाव लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाणी गार आलं.

सोसायटीला हेच हवं होतं. ज्यांचे ज्यांचे निकाल लागले होते ते सगळे जिन्यात भेटायला लागले. अरविंद भागवतनं विचारलं, "काका, नाव काय लावायचं ठरवलंत?" काका पिशवी उचलून तळमजल्यावर निघून गेले. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या कोणाचाच गिझर बघितला नाही. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि हळू म्हणाले, "मी समोर बसलो की तापतो. मी गेलो की तापत नाही. म्हणजे वायरीचं काम संपलं. आता माणसाचं. उद्या शनिवार. तू रजा काढ."

खरं सांगतो, माझा संशय बायकोवर होता. रात्रभर मी तिच्याकडे पाठ करून झोपलो. आज लाज वाटते, पण तेव्हा वाटला होता संशय.

शनिवारी सकाळी काका गुपचूप आले. नऊ वाजता आईनं येऊन बटण दाबलं, लाल दिवा लागला, आई आत गेली. काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात कपड्यांना घालायची नीळ होती. चिमूटभर नीळ त्यांनी त्या काळ्या बटणावर बोटानं पसरली. काळ्यावर निळं कोणाला दिसतंय? मग आम्ही दोघं गॅलरीत पेपर उघडून, घराकडे पाठ करून बसलो. मला पेपरातलं एक अक्षर समजत नव्हतं.

साडेनऊला काका उठून बघून आले. बटण चालूच होतं, दिवाही लागलेला. "पण नीळ विस्कटलीय," ते कानात म्हणाले. "एकदा वर, एकदा खाली. कोणीतरी बंद केलं, आणि मग परत चालू केलं."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. सुलभा पोळ्या लाटत होती. दोन्ही हात पिठानं पांढरे. निळं कुठे काहीच नव्हतं. आतल्या खोलीत मालिशवाल्या बाई वासंतीची पाठ चोळत होत्या, त्यांचे हात कोपरापर्यंत तेलाचे. मी वळलो तर बाहेरच्या खोलीत आई पाय पसरून बसलेली, पायांवर तेल लावलेलं बाळ. आणि बाळाच्या उजव्या गालावर एक छान गोल निळी तीट.

"बघ रे दिलीप," आई म्हणाली, "हिला कोणी लावली ही? निळी तीट कधी बघितली होतीस?"

तिच्या पहिल्या बोटाचं टोक निळं होतं. ती ते बोट माझ्यासमोर नाचवत होती आणि हसत होती.

मला आधी राग आला, नेहमीसारखा. आठ दिवस माझी बायको चोर ठरली होती, बहीण पिशवी भरायला निघाली होती, आणि बटण ही स्वतः बंद करत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला आईचा चेहरा दिसला. ती लपवत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. नऊला बटण दाबलेलं ती विसरायची. पॅसेजमधून जाताना लाल दिवा दिसला की वाटायचं, सकाळपासून कोणीतरी चालू ठेवलाय, टाकी फुटेल, बाळ घरात आहे. म्हणून बंद करायची. मग थोड्या वेळानं परत जाताना दिवा विझलेला दिसायचा, दहाचं न्हाणं आठवायचं, म्हणून लावायची. आधीचं दोन्ही वेळचं विसरून. हे मला तेव्हा एकदम कळलं.

काका माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझा दंड धरला आणि मला बाजूला केलं. मग खाली बसले, खिशातला धुतलेला रुमाल काढला, त्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि बाळाचा गाल पुसला.

"वहिनी, माझ्या पिशवीत निळीची पुडी फुटली," ते म्हणाले. "सगळ्या घराला लावून ठेवली मी. बघू हात." आणि त्यांनी आईचं बोट पुसलं. मग बाकीची बोटंही पुसली. एकेक करून, नखांच्या कडांपर्यंत.

त्या दिवशीचं न्हाणं त्यांनी समोर बसून उरकून घेतलं. मग चौकात गेले. सोसायटी वाटच बघत होती. वरच्या कठड्यावरून डोकी, खालच्या पायऱ्यांवर माणसं, भागवतकाकू पदर खोचून पहिल्या रांगेत. आता हा माणूस चारी मजल्यांना माझ्या आईचं नाव सांगणार, असं मला वाटलं. मी त्यांना ओळखत होतो. निकालाच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्या साडूलाही सोडलं नव्हतं.

काका म्हणाले, "चूक माझी. न्यूट्रलची वायर ढिली ठेवली होती मी. तीस वर्षांत नाही झालं ते झालं. रेडकरचा हात चुकला."

मग अरविंद म्हणाला, "म्हणजे गिझर निर्दोष, रेडकर दोषी?"

"होय," काका म्हणाले. "लिहून ठेव."

हशा झाला. कोणीतरी शिट्टीही वाजवली. काका मान खाली घालून आमच्या घरात परत आले आणि दार लावून घेतलं.

दुपारभर त्यांनी काम केलं. गिझरची वायर पॅसेजमधल्या बटणातून काढून घेतली आणि वर, बाथरूमच्या माळ्यावर, जुन्या डब्यांच्या मागे नवं बटण बसवलं. तिथे आईचा हात पोचत नव्हता. पॅसेजमधलं काळं बटण तसंच ठेवलं. त्याला फक्त लाल दिवा जोडलेला राहिला. दाबलं की दिवा लागेल, दाबलं की विझेल, गिझरला त्याचा पत्ताही लागणार नाही. "थर्मोस्टॅट चांगला आहे, मी तपासलाय," ते म्हणाले, "तापला की आपोआप बंद होईल. घाबरू नको. तुझ्या आईला दाबू दे ते. शंभरदा दाबू दे."

सुलभाला मी सगळं सांगितलं, कारण नऊ वाजता स्टुलावर चढून वरचं बटण तिलाच लावायचं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आठ दिवस मला चोर ठरवलंत. त्याचं काय?" मी म्हटलं, "चुकलो." तिनं स्टूल बाथरूमच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "आईंना सांगू नका." रविवारी नऊच्या ठोक्याला ती स्टुलावर होती.

रविवारी बाथरूममधून वाफ पॅसेजपर्यंत आली. वासंती आतून ओरडली, "अगं, भाजलं, गार घाल थोडं." बाळ गप्प होऊन ऊन पाण्यात पाय हलवत होतं. बाहेर आई काळ्या बटणापाशी उभी. तिनं ते दाबलं, लाल दिवा विझला. "बंद केला हो मी," ती मला म्हणाली. "कोणाचं लक्ष म्हणून नसतं या घरात." मी म्हटलं, "तू आहेस म्हणून बरं." वासंती सव्वा महिना राहिली आणि बाळाला काजळाची तीट लावून आईनंच तिला ठाण्याला पाठवलं.

पण मला चैन नव्हतं. निकालानंतरच्या सोमवारी ऑफिसातून येताना मी पेढे घेतले आणि तडक काकांच्या खोलीवर गेलो. सातचा सुमार. दार उघडंच होतं, आत काळोख. मला वाटलं, घरात नाहीत. मग खाटेवर काहीतरी हललं.

"बस," काका म्हणाले.

मी चाचपडत स्टुलावर बसलो. पेढे पुढे केले. म्हटलं, "काका, तुम्ही आमच्यासाठी खोटं बोललात. सगळे तुम्हाला हसतायत. निदान माझ्या घरात तरी खरं सांगायला हवं होतंत. मी आईला समजावलं असतं."

"काय समजावलं असतंस?"

त्यांनी पुड्यातला एक पेढा उचलला.

"मी समजावलं होतं," ते म्हणाले. "माझ्या बायकोला. तिचंही असंच सुरू झालं. इस्त्री चालू ठेवायची, पंखा बंद करायची, रेडिओचा प्लग काढून पिठाच्या डब्यात ठेवायची. आणि विचारलं तर, मी नाही. मी वायरमन. मी पाळत ठेवली, जबानी घेतली, पुरावा गोळा केला. पोरं सुट्टीला आली होती, शेजारी होते, सगळ्यांच्या समोर निकाल लावला. म्हटलं, गुन्हेगार घरातच सापडला. सगळे हसले. तीपण हसली. रोग आहे तो, हे डॉक्टरनं मागाहून सांगितलं."

बाहेर कोणाच्या तरी घरी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. काका हळूहळू त्यांच्या गावच्या बोलीत उतरले. "त्या दिसापासून तिनं घरातल्या एका बटणाक हात लावूक नाय. मी गिरणीतून येय, तर खोली काळोखात. ही खाटेर बसलेली. मी म्हणय, दिवो कित्याक लावक नाय गो? तर म्हणायची, 'नको. माझ्या हातान परत कायतरी बिघडात.' चार वर्षां. रोज. सगळा विसारली. पोरांची नावां विसारली, शेवटाक माझा नाव विसारली. पण बटणाक हात लावचो नाय, तेवढा मात्र विसराक नाय."

मला रडू आलं. ते काळोखात त्यांना दिसलं नसावं. त्यांच्या हातातला पेढा तसाच होता.

मग मी उठलो, भिंत चाचपत बटण शोधलं, आणि दिवा लावला.